बंद न होणारं एक प्रथिन

क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, डॉक्टरांच्या बोलण्यातला सीएमएल, हा रक्ताचा कर्करोग बऱ्याचदा भलत्याच निमित्ताने उघडकीस येतो. कुणी कंपनीच्या वार्षिक तपासणीला रक्त दिलेलं असतं, कुणाचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलेलं असतं. सीबीसीच्या रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशींचा आकडा चार ते अकरा हजारांच्या मधे असायला हवा, तिथे लाख-दीड लाख दिसतो. मग खोदून विचारलं की आठवतं: गेले काही महिने थकवा होता, वजन उतरलं होतं, चार घास पोटात गेले की डाव्या बरगडीखाली गच्च वाटायचं. पाणथरी (प्लीहा) वाढून जठरावर दाबत असते, म्हणून तसं होतं.

हा आजार वर्षाला लाखात एखाद-दुसऱ्याला होणारा. तरीही पेशी एकमेकींना निरोप कसे देतात, त्यात प्रथिनांचं काम काय आणि तिथे काही बिघडलं की आजार कसा उभा राहतो, हे समजून घ्यायचं असेल तर मी याच आजाराकडे बोट दाखवीन. मधुमेह, हृदयविकार आणि बहुतेक कर्करोग यांच्यामागे कारणांची मोठी गुंतागुंत असते. इथे मूळ कारण एकच प्रथिन आहे. त्यातही विशेष म्हणजे हे प्रथिन बाहेरून आलेलं नाही, विषारीही नाही. शरीरात एरवी चालणारंच काम ते करतं. फक्त थांबत नाही.

प्रथिन म्हटलं की आपल्याला डाळ, अंडी, पनीर आठवतं. खाल्लेली प्रथिनं आतड्यात सुटी होऊन त्यांची अमिनो आम्लं होतात, आणि त्याच वीस प्रकारच्या अमिनो आम्लांपासून प्रत्येक पेशी स्वतःला हवी ती प्रथिनं नव्याने बनवते. कोणतं अमिनो आम्ल कोणत्या क्रमाने जोडायचं, हे जनुकात लिहिलेलं असतं. साखळी तयार होता होता दुमडते, वळते आणि तिला एक नेमका आकार येतो. प्रथिनाचं काम त्या आकारावर ठरतं. हिमोग्लोबिनला ऑक्सिजन धरता येतो तो आकारामुळे, आणि पचनाचं विकर (एन्झाइम) अन्नाचे रेणू तोडतं तेही आकारामुळेच. मात्र हा आकार दगडात कोरल्यासारखा कायमचा नसतो. पुष्कळ प्रथिनांना दोन आकार असतात, एक काम करणारा आणि एक गप्प बसलेला. यांतला कोणता कधी असावा हे ठरवणं म्हणजेच पेशीतलं संदेशवहन.

निरोप कसा पोचतो

केमोथेरपी झालेल्या माणसाच्या घरच्यांना 'पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन' माहीत असतं. त्यात जी-सीएसएफ नावाचं प्रथिन असतं. हे शरीर स्वतःही बनवतं. कुठे जंतुसंसर्ग झाला की त्याचं रक्तातलं प्रमाण वाढतं आणि ते हाडांच्या आतल्या अस्थिमज्जेत पोचतं. तिथे रक्तपेशी तयार करणाऱ्या पेशींच्या पृष्ठभागावर त्याच्यासाठीचं ग्राही प्रथिन असतं. जी-सीएसएफ त्याला बाहेरूनच येऊन चिकटतं, आत शिरत नाही. पण चिकटल्यामुळे ग्राहीचा आकार बदलतो, आणि ग्राही पेशीच्या आवरणातून आरपार गेलेलं असल्यामुळे तो बदल आतल्या टोकालाही जाणवतो. आतल्या टोकाशी जाक नावाची प्रथिनं चिकटून बसलेली असतात, ती जागी होतात. ती स्टॅट नावाच्या दुसऱ्या प्रथिनावर एक छोटी रासायनिक खूण करतात. खूण झालेलं स्टॅट पेशीच्या केंद्रकात जातं आणि वाढीची जनुकं चालू करतं. पेशीचं विभाजन होतं, आणि अशा पेशींतून पुढे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी तयार होतात.

निरोगी माणसाच्या मज्जेत फक्त न्यूट्रोफिल या एका जातीच्या पेशी रोज शंभर अब्जांच्या आसपास तयार होतात. संसर्ग झाला की हा आकडा आणखी वाढतो आणि संसर्ग ओसरला की पुन्हा खाली येतो. या खाली येण्याकडे आपलं लक्ष जात नाही, पण आजाराचं मर्म तिथेच आहे.

ती रासायनिक खूण म्हणजे फॉस्फेट. पेशीत ऊर्जा पुरवणारा एटीपी नावाचा रेणू असतो, त्याला तीन फॉस्फेट जोडलेले असतात. त्यांतला शेवटचा तोडून दुसऱ्या प्रथिनावर बसवायचं काम करणाऱ्या प्रथिनांना कायनेज म्हणतात. फॉस्फेटवर ऋण विद्युतभार असतो. तो बसला की आसपासची साखळी ओढली किंवा ढकलली जाते आणि गप्प असलेलं प्रथिन कामाला लागतं. काही वेळा उलट, काम करणारं गप्प होतं. फॉस्फेट काढून टाकणारी प्रथिनं वेगळी असतात, त्यांना फॉस्फटेज म्हणतात. एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्स यांनी १९५० च्या दशकात सिॲटलमध्ये स्नायूंतल्या एका विकरावर काम करताना ही बसवा-काढायची युक्ती शोधून काढली. त्यांना १९९२ साली नोबेल मिळालं. आज आपल्याला ठाऊक आहे की माणसाच्या जनुकांत पाचशेहून जास्त कायनेज आहेत, आणि पेशीतली फार थोडी कामं त्यांच्याशिवाय होतात.

फॉस्फेट मुख्यतः तीन अमिनो आम्लांवर बसतो: सेरीन, थ्रिओनिन आणि टायरोसिन. टायरोसिनचं १९७९ पर्यंत कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. टोनी हंटर हे कॅलिफोर्नियातल्या साल्क इन्स्टिट्यूटमध्ये प्राण्यांत गाठी निर्माण करणाऱ्या एका विषाणूच्या प्रथिनावर प्रयोग करत होते. फॉस्फेट कोणत्या अमिनो आम्लावर बसला हे ओळखायला नमुना एका आम्लधर्मी द्रावणात ठेवून त्यातून वीज सोडतात, म्हणजे वेगवेगळे रेणू वेगवेगळ्या अंतरावर जाऊन थांबतात. हंटर यांनी त्या दिवशी ताजं द्रावण केलं नाही, आधी वापरलेलंच पुन्हा घेतलं. ते वापरून वापरून ठरल्यापेक्षा जास्त आम्लधर्मी झालं होतं. नेहमीच्या द्रावणात फॉस्फेट बसलेलं थ्रिओनिन आणि फॉस्फेट बसलेलं टायरोसिन एकाच जागी थांबतात, त्यामुळे सगळे त्याला थ्रिओनिनच समजत आले होते. त्या जुन्या द्रावणात दोन ठिपके वेगळे दिसले. हंटर यांचं मोठेपण असं, की त्यांनी तो जास्तीचा ठिपका चूक म्हणून सोडून दिला नाही.

पेशीतल्या एकूण फॉस्फेटपैकी टायरोसिनवर बसलेले एक टक्काही नसतात. पण वाढ, विभाजन, जगायचं की मरायचं, असे मोठे निर्णय बरेचसे त्यांच्यावरच ठरतात. लगेच पुढच्या वर्षी, १९८० मध्ये, उंदरांत ल्युकेमिया घडवणाऱ्या एबल्सन विषाणूचं प्रथिनही टायरोसिनवर फॉस्फेट बसवणारं कायनेज आहे हे कळलं. त्याच प्रथिनाचा माणसातला भाऊ म्हणजे एबीएल, आणि सीएमएलची गोष्ट त्याच्यापाशी येऊन पोचते.

लहान दिसणारं गुणसूत्र

त्या गोष्टीची सुरुवात मात्र वीस वर्षं आधीची, अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरातली. पीटर नोवेल तिथल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात ल्युकेमियाच्या पेशी काचेवर वाढवून पाहत होते. पेशी नळाच्या पाण्याने धुतल्यावर फुगल्या, आणि विभाजनाच्या बेतात असलेल्या पेशींतली गुणसूत्रं सुटी सुटी पसरलेली दिसली. गुणसूत्रांची जाण असलेला कुणी जवळपास आहे का, अशी शोधाशोध करताना त्यांना डेव्हिड हंगरफर्ड भेटले. दोघांनी मिळून पाहिलं तेव्हा सीएमएलच्या रुग्णांमध्ये एक गुणसूत्र नेहमीपेक्षा बरंच आखूड होतं. १९६० साली त्यांनी ते अगदी थोडक्यात प्रसिद्ध केलं, आणि त्याला फिलाडेल्फिया गुणसूत्र असं नाव पडलं. कर्करोगाशी ठामपणे जोडता आलेला गुणसूत्रातला हा पहिला बदल.

आखूड का झालं, याचं उत्तर शिकागोच्या जॅनेट राउली यांनी १९७३ मध्ये दिलं. तोवर गुणसूत्रांवर आडवे पट्टे उमटवणारी रंगद्रव्यं आली होती. राउली मुलांना सांभाळत अर्धवेळ काम करत असत. सूक्ष्मदर्शकाखाली घेतलेले फोटो त्या घरी आणत, जेवणाच्या टेबलावर एकेक गुणसूत्र कात्रीने कापत आणि जोड्या लावत. मुलं चिडवायची की आई कागदी बाहुल्या खेळतेय. त्या टेबलावर त्यांच्या लक्षात आलं की २२ व्या गुणसूत्राचा गेलेला तुकडा हरवलेला नाही, तो नवव्या गुणसूत्राच्या टोकाला जाऊन बसलाय. पुढे स्पष्ट झालं की नवव्याचाही एक छोटा तुकडा २२ व्याकडे येतो. दोघांनी तुकड्यांची अदलाबदल केली होती. गुणसूत्रांची मोडतोड हा कर्करोगाचा परिणाम असतो, कारण नव्हे, असं तेव्हा बहुतेकांचं मत होतं. राउलींना ते मत बदलायला लावायला बरीच वर्षं लागली.

नवव्या गुणसूत्रावर जिथे तुटतं तिथे एबीएलचं जनुक असतं. २२ व्यावर जिथे तुटतं तिथे बीसीआर नावाचं दुसरं जनुक. अदलाबदलीत बीसीआरचा पुढचा भाग आणि एबीएलचा मागचा भाग एकमेकांना जोडले जातात, आणि पेशी त्यावरून एक जोडप्रथिन बनवू लागते: बीसीआर-एबीएल. डेव्हिड बाल्टिमोर यांच्या प्रयोगशाळेने १९९० मध्ये हे एकच जनुक उंदरांच्या मज्जेत घातलं आणि उंदरांना सीएमएलसारखा आजार झाला. त्यानंतर परिणाम की कारण हा वाद उरला नाही.

ही अदलाबदल मज्जेतल्या एका मूळपेशीत, म्हणजे रक्तपेशी जिच्यापासून तयार होतात अशा पेशीत, जन्मानंतर कधीतरी होते. आईवडिलांकडून ती येत नाही, मुलांना जात नाही, सोबत राहून लागत नाही. हिरोशिमा-नागासाकीच्या अणुबॉम्बमधून वाचलेल्या लोकांमध्ये सीएमएलचं प्रमाण वाढलेलं आढळलं, त्यामुळे मोठा किरणोत्सर्ग हे एक कारण नक्की आहे. बाकी बहुतेक रुग्णांत 'मलाच का' या प्रश्नाला बोट ठेवता येईल असं उत्तर नसतं. खाण्यापिण्यातली चूक शोधत बसणाऱ्या नातेवाइकांना हे कुणीतरी स्वच्छ सांगायला हवं.

थांबायची सोय कशी गेली

इथे जरा सावकाश जाऊ, कारण सगळा आजार या एका रचनेत आहे.

साधं, निरोगी एबीएल बहुतेक वेळ गप्प असतं. त्याच्या एका मुख्य रूपात साखळीच्या पहिल्या टोकाला मायरिस्टिक आम्ल हे स्निग्धाम्ल जोडलेलं असतं. जायफळात आणि खोबरेल तेलात असतं तेच. हे तेलकट टोक मागे वळून त्याच प्रथिनाच्या बुडाशी असलेल्या एका खाचेत जाऊन बसतं. ते बसलं की शेजारचे भाग कायनेजच्या पाठीला घट्ट आवळून धरतात आणि कायनेज चालू होऊ शकत नाही. निरोप आला की ही पकड सुटते, काम झालं की पुन्हा बसते. म्हणजे एबीएल स्वतःला स्वतःच बंद ठेवतं.

आता जोडप्रथिनात काय होतं पाहा. एबीएलचा पुढचा भाग तुटून गेला, त्याच्या जागी बीसीआर आलं. ते तेलकट टोक पुढच्या भागातच होतं. तेही गेलं. बुडाची खाच आहे तशी आहे, पण रिकामी. एवढ्यावर भागत नाही. बीसीआरच्या सुरुवातीला एकमेकांत गुंतणारा एक भाग असतो, त्यामुळे जोडप्रथिनाच्या चार-चार प्रती एकत्र येतात आणि एकमेकींवर फॉस्फेट बसवून एकमेकींना चालू ठेवतात. बाहेरून जी-सीएसएफ आलेलं नाही, संसर्ग नाही, ग्राहीला कुणी चिकटलेलं नाही, तरी आत वाढीचा निरोप अखंड चालू. गच्चीवरच्या टाकीतला फ्लोट तुटला की टाकी भरून वाहू लागली तरी मोटर चालूच राहते, तसं. मोटरीत दोष नसतो, पाण्यातही नसतो.

बीसीआर-एबीएल एकाच वेळी अनेक मार्ग चालू करतं. मघाशी पाहिलेलं स्टॅट त्यांतलंच. रास नावाचं प्रथिन विभाजनाचा वेग वाढवतं. आणखी एक मार्ग पेशीला मरू देत नाही. जुन्या पेशींनी वेळेवर मरणं हे रक्ताच्या हिशेबात नव्या पेशी जन्मण्याइतकंच महत्त्वाचं असतं, त्यामुळे दोन्ही बाजूंनी आकडा फुगत जातो. सुरुवातीची काही वर्षं या वाढलेल्या पेशी बऱ्यापैकी पक्व होतात, काम करतात, म्हणून माणूस हिंडता-फिरता असतो. पण अशा घाईने विभागणाऱ्या पेशींत नवे बिघाड साचत जातात. उपचार नसेल तर साधारण तीन ते पाच वर्षांत आजार उग्र रूप घेतो, मज्जा अपक्व पेशींनी भरते, आणि मग तो आटोक्यात आणणं फार अवघड होतं. पूर्वी हायड्रॉक्सीयुरिया देऊन आकडा खाली आणत, पण आजाराची पुढची वाट त्याने बंद होत नसे. इंटरफेरॉन थोड्यांना लागू पडायचं आणि सोसायला कठीण होतं. मज्जारोपणाने बरं होता येई, पण त्याला जुळणारा दाता हवा, तरुण शरीर हवं, आणि रोपणातच जीव जाण्याचा धोका असे.

खाचेत बसणारं औषध

कायनेजला एटीपी लागतो, आणि एटीपी बसायला प्रत्येक कायनेजमध्ये एक खाच असते. तिथे दुसराच रेणू बसवला तर कायनेज थांबेल, हे उघड होतं. पण ही खाच पाचशेही कायनेजमध्ये जवळपास सारखी, मग एकाला अडवणारं औषध सगळ्यांनाच अडवील, अशी रास्त शंका बहुतेक शास्त्रज्ञांना होती. स्वित्झर्लंडमधल्या बाझल इथे सीबा-गायगी कंपनीत निकोलस लायडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तरीही प्रयत्न चालू ठेवला. रसायनतज्ज्ञ युर्ग त्सिमरमान यांनी एका साध्या रेणूपासून सुरुवात करून त्यात एकेक बदल केले. एका ठिकाणी फक्त एक मिथाइल गट जोडला आणि नको असलेल्या एका कायनेजवरचा परिणाम नाहीसा झाला. पुढे आणखी एक गट जोडला, त्यामुळे औषध पाण्यात विरघळू लागलं आणि गोळी म्हणून देता येईल असं झालं. ओरेगनचे डॉक्टर ब्रायन ड्रुकर यांनी ते रुग्णांच्या पेशींवर तपासून पाहिलं. सीएमएलच्या पेशी मरत होत्या, निरोगी पेशींना फारसा धक्का लागत नव्हता. हे १९९६ मध्ये प्रसिद्ध झालं. या औषधाचं नाव इमॅटिनिब.

ते एवढं नेमकं का, हे २००० साली जॉन कुरियन यांच्या प्रयोगशाळेने एबीएलमध्ये अडकलेल्या औषधाची रचना क्ष-किरणांनी पाहिली तेव्हा समजलं. चालू अवस्थेत सगळी कायनेज एकमेकांसारखी दिसतात, कारण सगळ्यांना तेच काम करायचं असतं. बंद अवस्थेत मात्र प्रत्येकाची ठेवण वेगळी असते. इमॅटिनिब एबीएलला बंद अवस्थेत पकडतं आणि तिथेच अडकवून ठेवतं. मला या सगळ्या शोधकथेतलं हे सर्वांत सुंदर वाटतं: थांबायची जी सोय जोडप्रथिनाने गमावली होती, तीच बाहेरून गोळीने परत दिली.

जून १९९८ मध्ये पहिल्या रुग्णाला गोळी दिली गेली. इंटरफेरॉनचा उपयोग न झालेल्या, आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या ज्या ५४ जणांना रोज ३०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त मात्रा मिळाली, त्यांपैकी ५३ जणांचा रक्तपेशींचा आकडा पूर्ण ताळ्यावर आला. कर्करोगाच्या औषधाच्या पहिल्याच चाचणीत असं सहसा घडत नाही. बातमी पसरली, आणि औषधाचं उत्पादन वाढवावं म्हणून रुग्णांनी इंटरनेटवरून सह्या गोळा करून कंपनीकडे पाठवल्या. मे २००१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. पुढच्या मोठ्या चाचणीत इमॅटिनिब घेणाऱ्यांपैकी सुमारे ८३ टक्के रुग्ण दहा वर्षांनंतर हयात होते.

काही रुग्णांमध्ये औषध काही काळाने चालेनासं झालं. कारण तपासलं तेव्हा एबीएलच्या खाचेतलं ३१५ क्रमांकाचं एक अमिनो आम्ल बदललेलं सापडलं, थ्रिओनिनच्या जागी आयसोल्युसिन. हजारभर अमिनो आम्लांच्या साखळीतलं एक बदललं आणि औषधाला आत शिरायला जागा उरली नाही. इतर काही बदलांवर डॅसाटिनिब आणि निलोटिनिब चालतात, पण या बदलावर तीही चालत नाहीत. त्यासाठी पुढे पोनॅटिनिब आलं, आणि २०२१ मध्ये असिमिनिब. असिमिनिब एटीपीच्या खाचेत जातच नाही. ते बुडाच्या त्या रिकाम्या खाचेत बसतं, जिथे मूळ एबीएलचं तेलकट टोक बसायचं.

मुंबई, दिल्ली आणि एका गोळीची किंमत

हे औषध आपल्याकडे कुणाला मिळणार, हा प्रश्न मात्र कोर्टात सुटला. भारतात सीएमएलचे रुग्ण पाश्चात्त्य देशांतल्या रुग्णांपेक्षा बरेच तरुण असतात. तिकडे हा साठीच्या आसपासचा आजार, आपल्याकडे बऱ्याचदा तिशी-चाळिशीतला, म्हणजे घर चालवणाऱ्या माणसाला होणारा. आणि गोळी वर्षानुवर्षं घ्यायची. सीबा-गायगीच्या विलीनीकरणातून झालेल्या स्विस कंपनीच्या, म्हणजे नोवार्टिसच्या, ग्लिव्हेकचा (इमॅटिनिबचं तिने ठेवलेलं नाव) खर्च महिन्याला सव्वा लाखाच्या घरात होता, भारतीय कंपन्यांची तीच गोळी आठ-दहा हजारांत मिळत होती. नोवार्टिसने पुष्कळ रुग्णांना औषध फुकटही दिलं, हे सांगायला हवं. पण एका कंपनीच्या मदतीवर देशभरातल्या रुग्णांचं आयुष्य अवलंबून राहावं का, हा प्रश्न त्याने सुटत नव्हता.

नोवार्टिसने इमॅटिनिबच्या एका विशिष्ट स्फटिकरूपावर भारतात पेटंट मागितलं होतं. भारतीय कंपन्यांबरोबरच मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन या संस्थेने त्याला हरकत घेतली. चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने २००६ मध्ये अर्ज फेटाळला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि १ एप्रिल २०१३ रोजी न्यायमूर्ती आफताब आलम आणि न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांनी पेटंट नाकारलं. आपल्या पेटंट कायद्याचं कलम ३(ड) म्हणतं की माहीत असलेल्या पदार्थाचं नवं रूप पेटंटला पात्र व्हायचं असेल तर त्याने औषध म्हणून गुण वाढला पाहिजे. स्फटिक जास्त टिकाऊ असला, नीट साठवता आला, तरी रुग्णाला त्याचा जास्त गुण येतो हे सिद्ध झालं नव्हतं. नव्या संशोधनाला पैसा लागतो हा कंपन्यांचा युक्तिवाद खरा आहे. तरी माझ्या मते न्यायालयाने रेषा योग्य जागी ओढली, कारण शोध इमॅटिनिबचा होता आणि मागणी त्याच्या स्फटिकावर होती.

गोळी चालू असताना

इमॅटिनिब साधारणपणे ४०० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, जेवणाबरोबर आणि मोठा ग्लासभर पाण्यासोबत घेतात. डोळ्यांभोवती सूज, पोटऱ्यांत गोळे, मळमळ, जुलाब हे त्रास बऱ्याच जणांना होतात. गर्भावर परिणाम होऊ शकतो, त्यामुळे मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावं लागतं, आणि आपले रुग्ण तरुण असल्यामुळे हा विषय वारंवार येतो.

सीबीसी नॉर्मल आला की अनेकांना वाटतं, झालं बरं. पण तेवढ्यावर थांबता येत नाही. दर तीन महिन्यांनी रक्तातल्या बीसीआर-एबीएलची मोजणी करतात, पीसीआर पद्धतीने. उत्तर टक्क्यांत येतं. तीन महिन्यांनी ते १० टक्क्यांच्या आत, वर्षभरात ०.१ टक्क्याच्या आत यावं अशी अपेक्षा असते. ०.१ टक्का म्हणजे उपचाराआधीच्या प्रमाणित पातळीच्या हजाराव्या भागाइतका. हा आकडा खाली येत नसेल किंवा पुन्हा चढू लागला तर दोनच शक्यता आधी तपासायच्या: प्रथिनात बदल झालाय का, आणि गोळ्या चुकतायत का. दुसरी शक्यता आपल्या समजुतीपेक्षा जास्त वेळा खरी निघते. काही त्रास होत नसताना रोज गोळी घेत राहणं कठीण असतं, आणि पुरवठा, प्रवास, सण, लग्नकार्य यांत दोन-चार दिवस सहज निसटतात. प्रथिनाला मात्र तेवढी सुट्टी पुरते, कारण औषध रक्तातून उतरलं की खाच मोकळी होते.

असं एक प्रथिन शोधा, त्याला अडवा, कर्करोग संपला, हे सगळीकडे का होत नाही? काही ठिकाणी थोडंफार झालं. जठर-आतड्यातल्या जीआयएसटी नावाच्या गाठींत किट हे दुसरं कायनेज चालूच राहिलेलं असतं, आणि तिथेही हेच इमॅटिनिब लागू पडतं. पण फुप्फुसाच्या किंवा आतड्याच्या बहुतेक कर्करोगांत एकाच वेळी अनेक प्रथिनं बिघडलेली असतात. एक मार्ग अडवला की पेशी दुसऱ्या मार्गाने निरोप पोचवते. सीएमएलमध्ये सुरुवातीच्या टप्प्यात सगळा भार एकाच प्रथिनावर असतो, म्हणून एक गोळी पुरते. उग्र टप्प्यात तीच गोळी अपुरी पडते, याचं कारणही तेच.

सीएमएलमध्येही एक गोष्ट पूर्ण सुटलेली नाही. वाढलेल्या पेशी मरतात, पण ज्या मूळपेशीत पहिली अदलाबदल झाली तिच्या वंशातल्या काही मूळपेशी मज्जेत शिल्लक राहतात. जगण्यासाठी त्यांना बीसीआर-एबीएलच्या निरोपाची गरज नसते, मज्जेतल्या इतर संदेशांवर त्यांचं भागतं. म्हणून प्रथिन अडवून त्या मरत नाहीत. तरी ज्यांचा बीसीआर-एबीएलचा आकडा कित्येक वर्षं जवळजवळ शून्यावर आहे, अशा निवडक रुग्णांची गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबवून पाहिली गेली. त्यांपैकी साधारण निम्म्यांमध्ये आजार परतला नाही. ज्यांच्यात परतला, त्यांच्यात तो बहुधा पहिल्या सहा महिन्यांतच दिसला, म्हणून या काळात महिन्या-महिन्याला पीसीआर करतात. आकडा चढताना वेळीच कळला आणि गोळी पुन्हा सुरू केली, तर तो जवळपास सगळ्यांमध्ये परत खाली येतो.